स्टॉपलॉस लागला, शेअर विकला गेला नाही: लातूरच्या एका चहा व्यापाऱ्याचे प्रकरण

लातूरमध्ये खुल्या चहापत्तीचा घाऊक व्यापार करणारे एक गृहस्थ आणि त्यांचा इंजिनिअर पुतण्या यांनी डिसेंबर २०२४ मध्ये एका छोट्या चहा कंपनीचे शेअर घेतले. कंपनीच्या बागा आसाममध्ये. व्यवहार चार्टवरच्या आकाराच्या भरवशावर झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संपला. दोघांनी तो स्वतःहून आमच्या अभ्यासगटापुढे मांडला, ऑर्डरबुक दाखवले आणि लिहायला हरकत नाही असे सांगितले. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून भाव एकाच प्रमाणात बदलले आहेत, शेअरची संख्याही बदलली आहे. पुढे दोघांना काका आणि पुतण्या एवढेच म्हटले आहे.

पार्श्वभूमी

काका कोलकाता आणि सिलिगुडीच्या दलालांकडून सीटीसी दाणा आणि डस्ट (गोळीदार पत्ती आणि चुरा) मागवतात, दोन-तीन प्रकार मिसळून औसा, निलंगा, रेणापूरकडच्या किराणा दुकानांना आणि टपऱ्यांना देतात. माल बराचसा उधारीवर जातो आणि वसुली सोयाबीन निघाल्यावर होते. २०२४ च्या दिवाळीनंतर ती नीट झाली नाही. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजारात भाव त्याच्या बराच खाली. ज्याला जमले त्याने माल घरात ठेवला, आणि दुकानदाराची उधारी त्या पोत्यांसोबत अडकली.

दुसरीकडे पत्ती महागली होती. आसाममध्ये आधी कडक ऊन, मग पूर, त्यामुळे त्या वर्षी पान कमी आले. देशाचे चहाचे उत्पादन २०२३ मध्ये सुमारे १३९ कोटी किलो होते, ते २०२४ मध्ये १२८ कोटी किलोच्या आसपास उतरले. लिलावात भाव चढले. पण टपरीवाला कपाचे दर लगेच वाढवत नाही, त्यामुळे मधल्या व्यापाऱ्याचा नफा चेपला जातो.

काकांचा विचार इथून सुरू झाला आणि माझ्या मते तो या प्रकरणातला सर्वांत चांगला विचार होता. आपला गेलेला नफा कुणाकडे तरी गेला असणार. पत्ती पिकवणाऱ्याकडे गेला असेल तर त्याच्या कंपनीत आपला थोडा हिस्सा असावा. पत्ती महागली तर दुकानात जे जाईल ते शेअरमध्ये येईल. पाकीटबंद चहा विकणारी मोठी कंपनी या कामाला उपयोगाची नाही, कारण पत्ती महागली की तिचेही काकांसारखेच होते. बागायत कंपनीच हवी, हेही त्यांनी बरोबर ओळखले होते.

त्यात टी बोर्डाने उत्तर भारतातल्या बागांना (चहाच्या धंद्यात यात आसामही येतो) ३० नोव्हेंबरनंतर पान तोडणे बंद करायला सांगितले. एरवी डिसेंबरमध्येही काही दिवस तोडणी चालते. माल आणखी कमी होणार, म्हणजे भाव आणखी वाढणार, असे काकांनी मनाशी धरले.

चार्टवर काय दिसत होते

पुतण्या दोन वर्षांपासून चार्ट बघत होता. आसामच्या बागायत कंपन्या चाळताना त्याला एका शेअरमध्ये ‘कप अँड हँडल’, म्हणजे कान असलेल्या कपासारखा आकार, दिसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेअर २४० ला पोहोचला होता. तिथून हळूहळू उतरत लोकसभा निकालाच्या दिवशी, ४ जूनला, बाजार कोसळला तेव्हा तो १७२ पर्यंत आला. मग गोलाईने वर चढत सप्टेंबरअखेर २३८. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये २१६ ते २३५ मध्ये रेंगाळला, तो हँडल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात २४६ वर बंद झाला, म्हणजे कपाच्या २४० च्या काठावर गेला; यालाच ब्रेकआउट म्हणतात. एरवी या शेअरमध्ये दिवसाला सरासरी ९,००० शेअरचा व्यवहार होई. त्या दिवशी ३१,००० चा झाला.

हा आकार लोकप्रिय केला तो अमेरिकेतल्या विल्यम ओनील यांनी. त्यांच्या मापात हा कप बसत होता. खोली १२ ते ३३ टक्के असावी, ती २८ होती. कालावधी ७ ते ६५ आठवडे असावा, तोही बसला. ब्रेकआउटला व्हॉल्यूम, म्हणजे दिवसात हात बदललेल्या शेअरची संख्या, सरासरीपेक्षा निदान ४० टक्के जास्त हवा, इथे तो तिपटीहून अधिक होता. कपाची खोली ६८ रुपये, ती २४० मध्ये मिळवली की ३०८ चे टार्गेट. हँडलच्या तळाखाली, २१५ ला स्टॉपलॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून विकून बाहेर पडायचा भाव. पुतण्याने वहीत लिहिले: खरेदी २४८, धोका ३३, लाभ ६०.

ओनील यांच्या पद्धतीतला फक्त आकार पुतण्याने उचलला. त्याच पद्धतीत कंपनीचा ताजा तिमाही नफा जोमाने वाढत असला पाहिजे, एकूण बाजाराचा कल वरचा असला पाहिजे, आणि खरेदीच्या भावापासून ७-८ टक्के खाली आले की कारण न शोधता बाहेर पडायचे असते. निफ्टी २७ सप्टेंबर २०२४ ला २६,२७७ चा उच्चांक करून उतरायला लागला होता. नफ्याचे तर पाहिलेच नव्हते. आणि ८ टक्क्यांचा नियम लावला असता तर स्टॉपलॉस २१५ नव्हे, २२८ ला आला असता.

समोर असलेले पर्याय

काकांकडे सहा लाख रुपये होते. ही रक्कम मोकळी नव्हती. मार्चमध्ये दलालांची देणी भागवायची होती आणि तोवर उधारी वसूल होईल असा हिशेब होता.

एक मार्ग म्हणजे ही रक्कम पत्तीतच घालणे. नोव्हेंबरमध्ये माल उचलून ठेवायचा आणि पुरवठा आटला की विकायचा. यात काकांचा हात बसलेला. पण गोदाम लागते, पत्ती जुनी झाली की वास उतरतो, आणि गिऱ्हाईक पुन्हा उधारीच मागते. दुसरा मार्ग बँकेत ठेवण्याचा, त्यावर कुणी फार बोलले नाही. तिसरा शेअरचा. पुतण्याचा मुद्दा असा होता की, “काका, पत्ती विकायला महिना लागतो. शेअर बटण दाबलं की दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात.”

टी प्लस वन सेटलमेंटमुळे दुसऱ्या दिवशी पैसे येतात हे खरे. पण त्यासाठी त्या दिवशी समोर कुणीतरी घेणारा लागतो. दिवसाला ९,००० शेअर म्हणजे सुमारे २२ लाखांची उलाढाल. सहा लाखांचा शेअर एकट्याने घेणे म्हणजे या बाजारातली दिवसाची चौथाईहून जास्त उलाढाल आपणच करणे. लातूरच्या बाजारात काकांची २० पोती पत्ती दोन रुपये कमी करून एका दुपारीत गेली असती. त्यांच्या तिन्ही पर्यायांमध्ये शेअर हाच अडकण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेला होता आणि सगळ्यांत मोकळा म्हणून तोच निवडला गेला.

हे कुणाच्या लक्षात का आले नाही? ब्रेकआउटच्या दिवशीचा ३१,००० चा आकडा पाहून सगळे त्या आकड्यावरच विचार करत होते. तो आकडा रोजचा नव्हता. नंतर कळले की त्याच आठवड्यात हा चार्ट दोन-तीन टेलिग्राम ग्रुपांवर आणि एका व्हिडिओत फिरत होता, आणि व्हिडिओवाल्याचा सेबीकडचा नोंदणी क्रमांक कुठेच दिलेला नव्हता. म्हणजे त्या दिवशी घेणारे बरेचसे पुतण्यासारखेच होते. त्यांनी तोच आकार पाहिला होता, तीच रेघ ओढली होती, आणि म्हणून त्यांचे स्टॉपलॉसही २१५ च्या आसपासच होते. आकार जेव्हा हजारो लोकांच्या खरेदी-विक्रीतून उमटतो तेव्हा त्यातून काहीतरी वाचता येते असे मी मानतो. दिवसाला ९,००० शेअरच्या बाजारात दहा-पंधरा माणसे मिळूनसुद्धा असा गोल काढू शकतात.

खरेदी आणि पहिले तीन आठवडे

२,४०० शेअर, सरासरी भाव २४८. एकूण ५,९५,२०० रुपये. स्टॉपलॉस लागला तर तोटा ७९,२००, हे दोघांनी मान्य करून वहीत लिहिले. काकांनी जीटीटी ऑर्डर, म्हणजे भाव ठरलेल्या आकड्याला (ट्रिगर) आला की आपोआप बाजारात जाणारी ऑर्डर, लावून घेतली: ट्रिगर २१५, विक्रीचा भाव २१४. घरात एवढे शिस्तीने आधी काही झाले नव्हते, असे पुतण्या म्हणाला. इथपर्यंतच्या तयारीत मलाही नाव ठेवायला जागा दिसत नाही, रकमेचा आकार सोडला तर.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शेअर २६३ झाला. ३० डिसेंबरला येळवस (वेळा अमावास्या) होती. दुकान बंद, सगळे घर शेतात. आंबील-भज्जी झाल्यावर पुतण्याने मोबाइल काढला. भाव २५१. काका म्हणाले, “अर्धे काढू का? मार्चला पैसे लागायलेत.” पुतण्या म्हणाला, “टार्गेट ३०८ आहे काका. वर जायलाय, आता काढलं तर सगळं गणितच बिघडतंय.”

पहिला निर्णयाचा क्षण हाच. पुतण्याचे म्हणणे चार्टपुरते बरोबर होते. काकांचे म्हणणे पैशापुरते. दोघे एकमेकांशी वेगवेगळ्या विषयावर बोलत होते आणि ते त्यांना कळले नाही. मार्चमध्ये लागणारे पैसे हा शेअरच्या चार्टवर न दिसणारा स्टॉपलॉस होता. अर्धे शेअर २५१ ला निघाले असते तर १,२०० शेअरची बाब शांतपणे तिथेच मिटली असती.

जानेवारी

जानेवारीच्या मध्यापर्यंत शेअर २३६ वर आला, म्हणजे ज्या २४० च्या रेषेवरून ब्रेकआउट झाला होता तिच्या खाली. अशा वेळी आकार फसला असे धरतात. पुतण्याला हे माहीत होते. पण वहीत २१५ लिहिले होते आणि लिहिलेले मोडायचे नाही ही शिस्त त्याने नुकतीच शिकली होती. पुढच्या आठवड्यात २२८ आले आणि गेले. तिथे बाहेर पडले असते तर तोटा ४८,००० च्या आसपास राहिला असता.

शिस्त इथे त्यांच्या विरोधात गेली हे मला या प्रकरणात सर्वांत विचार करण्यासारखे वाटते. स्टॉपलॉस खाली सरकवायचा नाही हा नियम योग्य आहे. पण तो वर सरकवायला कुणाची मनाई नव्हती. ब्रेकआउट फसल्याचे दिसल्यावर २१५ ला काही अर्थ उरला नव्हता, कारण तो आकडा आकार खरा आहे असे धरून काढलेला होता.

सोमवार, २७ जानेवारी

शुक्रवारी शेअर २१९ वर बंद झाला होता. सोमवारी देशभर स्मॉलकॅप शेअर जोरात आपटले. या शेअरला ५ टक्क्यांचे सर्किट होते, म्हणजे त्या दिवशी २०८.०५ च्या खाली जाणे शक्य नव्हते. तो २०९ ला उघडला आणि थोड्याच वेळात २०८.०५ ला लॉक झाला. विकणाऱ्यांची रांग, घेणारा कुणी नाही.

काकांची जीटीटी चालली. ट्रिगर २१५ होता, पहिला सौदा २०९ ला झाला, म्हणून ऑर्डर बाजारात गेली. पण कोणत्या भावाला? २१४ ला. बाजार २०९ वर असताना २१४ ला विकायची ऑर्डर नुसती पडून राहते. दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला तशी ती रद्द झाली. मोबाइलवर ‘ट्रिगर झाली’ असा मेसेज आला होता. काकांनी तो गल्ल्यावर बसून वाचला आणि शेअर विकला गेला असे समजून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

खरी परिस्थिती रात्री पुतण्याने पाहिली. शेअर खात्यातच होते, आणि जीटीटी एकदा चालून गेल्यामुळे आता स्टॉपलॉसही नव्हता.

मंगळवारी दुकान उघडून झाल्यावर दहाच्या सुमारास त्यांनी सर्किटच्या भावाला, १९७.६५ ला, विक्रीची ऑर्डर टाकली. एक्स्चेंजवर भाव सारखा असेल तर आधी आलेल्या ऑर्डरला आधी संधी मिळते. प्री-ओपनला, म्हणजे बाजार सुरू होण्याआधीच्या सत्राला, नऊपासून रांगेत उभे राहिलेले बरेच होते. दिवसभरात काकांचा एकही शेअर गेला नाही.

बुधवारी पुतण्याने नऊच्या ठोक्याला ऑर्डर टाकली. शेअर सर्किटच्या वर उघडला, थोडी खरेदी आली, आणि १,००० शेअर सरासरी १९४ ला निघाले. तिथे काकांनीच थांबवले. “आता एवढा पडलाय, जरा वर येऊ दे.” म्हणून १,४०० ठेवले. दुसरा निर्णयाचा क्षण हा, आणि याच्याबाबत मात्र चार्ट, वही, नियम यांपैकी कशाचाच आधार नव्हता.

निकाल आणि चहाचा हंगाम

ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीचे निकाल १४ फेब्रुवारीच्या आत लावावेच लागतात. या कंपनीचे दुसऱ्या आठवड्यात लागले. नफा आदल्या तिमाहीपेक्षा बराच कमी होता. शेअर आणखी उतरला. मार्चची देणी समोर दिसायला लागली होती, उधारी अजून आलीच नव्हती. उरलेले १,४०० शेअर १७१ ला विकले.

निकालात धक्का बसण्यासारखे खरे तर काहीच नव्हते. आसामात हिवाळ्यात झुडपे झोपतात. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत पान जवळजवळ नाही, छाटणी असते, आणि कायम मजुरांचा पगार मात्र चालू असतो. बागायत कंपनीची कमाई पावसाळ्याभोवती गोळा होते. जुलै-सप्टेंबर तिमाही सर्वांत चांगली, आणि जानेवारी-मार्चमध्ये तोटा दाखवणे या धंद्यात नेहमीचे. बागा ३० नोव्हेंबरला बंद झाल्याने डिसेंबरचे उरलेसुरले पानही गेले होते. माल कमी म्हणून भाव वाढेल हे काकांनी धरले होते, पण ज्याच्याकडे विकायला पानच नाही त्याला त्या भावाचा काय उपयोग, हा प्रश्न विचारला गेला नाही. विचारायला पाहिजे होता तो काकांनीच. थंडीत कोणता माल येतो आणि कोणता येत नाही हे त्यांना पुतण्यापेक्षा आणि त्या व्हिडिओवाल्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होते.

आता चार्टकडे पुन्हा पाहिले की कपाची उजवी बाजू वेगळी दिसते. जून ते सप्टेंबर शेअर चढत होता, त्याच महिन्यांत लिलावाचे भाव चढत होते. पान कमी आल्याची बातमी त्या चढात आलेली होती. डिसेंबरला ब्रेकआउट झाला तेव्हा पुढे चांगले काही येण्याचा हंगामच शिल्लक नव्हता. नवी तोडणी मार्चच्या सुमारास.

हिशेब

२,४०० शेअरचे ४,३३,४०० रुपये आले. तोटा १,६१,८००, शिवाय एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर) आणि ब्रोकरेज वेगळे. मान्य केलेल्या ७९,२०० च्या दुप्पट. यातले साधारण निम्मे आकार फसल्याचे, उरलेले बाहेर पडता न आल्याचे आणि १,४०० शेअर धरून ठेवल्याचे. मुदतीत विवरणपत्र भरले तर हा अल्पकालीन तोटा आठ वर्षांपर्यंत पुढे ओढून शेअरमधल्या नफ्यातून वळता करता येतो, हे त्यांच्या सीएंनी सांगितले. दलालांचे देणे काकांनी बँकेच्या कॅश क्रेडिटमधून भागवले.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात आधी रक्कम. दिवसाच्या सरासरी व्हॉल्यूमच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त शेअर घ्यायचे नाहीत असे धरले असते तर ४५० शेअर झाले असते. हा काही कायदा नाही, पण ४५० शेअर बुधवारी पहिल्या अर्ध्या तासात निघाले असते. सर्किट किती टक्क्यांचे आहे आणि शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये (जिथे घेतलेला शेअर त्याच दिवशी विकता येत नाही) तर नाही ना, हे एक्स्चेंजच्या साइटवर दोन मिनिटांत दिसते. पुतण्याने ते नंतर पाहिले.

जीटीटीमध्ये ट्रिगर आणि विक्रीचा भाव यांत एक रुपयाचे अंतर ठेवणे मोठ्या शेअरमध्ये चालून जाते. इथे विक्रीचा भाव २०८-२०९ ठेवला असता तर सोमवारी सकाळी सर्किट लागायच्या आधी काही शेअर गेले असते. सगळे गेले असते असे मी म्हणणार नाही. २१५ ला स्टॉपलॉस लावलेले इतरही तिथे होतेच.

मागच्या तीन-चार वर्षांचे तिमाही निकाल एका कागदावर उतरवले असते तर हंगाम डोळ्यांसमोर आला असता. बागायत कंपनीचा पावसाळी तिमाहीचा नफा चारने गुणून पीई (भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) काढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यापेक्षा पीई न काढलेला बरा.

आणि काकांचा मूळ विचार, पत्तीच्या महागाईला शेअरने तोलायचे, तो मार्च-एप्रिलमध्ये, नवे पान यायच्या तोंडावर, छोट्या रकमेने करून बघण्यासारखा होता. तिथे चार्टचा उपयोग शेअर कधी घ्यायचा हे ठरवायला झाला असता.

गटात यावर दोघांचे अजून एकमत नाही. पुतण्याचे म्हणणे, चार्टने २४० च्या खाली येताच सांगितले होते, आपण ऐकले नाही. काकांचे म्हणणे, सांगितले असेल, पण सोमवारी घेणारा नव्हता हे चार्ट कुठे सांगत होता? पुतण्याने आता वहीत खरेदी, धोका, लाभ यांच्या शेजारी चौथा रकाना आखला आहे: सरासरी व्हॉल्यूम. काकांनी त्या रकान्याच्या वर बॉलपेनने लिहिले आहे, “गिऱ्हाईक.”